सब्र, तवक्कुल आणि एक जुनी होडी

आमच्या मोहर्लीच्या माणसाला समुद्राविषयी बोलण्याचा तसा अधिकार नाही. चंद्रपूरपासून तीसेक किलोमीटरवरचे हे गाव जंगलाच्या तोंडाशी वसलेले आहे. ताडोबाला जाणारा पर्यटक इथल्या गेटातून आत जातो आणि वाघ दिसला की नाही, एवढेच सांगत बाहेर येतो. गावाच्या एका अंगाला इरई धरणाचे पाणी पसरले आहे. ते पावसाळ्यात चढते आणि उन्हाळ्यापर्यंत हळूहळू उतरते. पाणी दिवसातून दोनदा चढते-उतरते ही गोष्ट मी भूगोलाच्या पुस्तकात पाठ केली होती, परीक्षेत लिहिली होती, बी.एड.च्या सराव पाठात चंद्र-पृथ्वीचा तक्ता लावून शिकवलीही होती. पाहिली मात्र नव्हती.

पहिली नोकरी लागली ती थेट रायगड जिल्ह्यात, दिघीच्या बाजूच्या एका उर्दू हायस्कुलात. आमच्याकडच्या बऱ्याच उर्दू शिक्षकांच्या वाट्याला कोकण असेच येते. तिथे गेल्यावर दोन गोष्टींचे नवल वाटले. आम्ही घरात मोडकीतोडकी का होईना उर्दू बोलणार. तिथले मुसलमान घरात कोकणी बोलत, म्हणजे मराठीचीच एक बोली. माझी पुस्तकी उर्दू ऐकून मुले तोंडावर हात धरून हसत. आणि दुसरे म्हणजे ते शाफई, आम्ही हनफी. त्यांची असरची नमाज आमच्या आधी होते. हा तपशील पुढे लागणार आहे, म्हणून सांगून ठेवतो.

तिथल्या लोकांचे घड्याळ पाण्यावर चालते हे समजायला मला सहा महिने लागले. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ निघते, हा हिशेब किनाऱ्यावरच्या हिंदू-मुसलमान सगळ्यांना तोंडपाठ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा; सहाच्या सुमाराला पाणी भरलेले. मुसलमान नाखवे आपल्या चांदाच्या तारखेत एक किंवा दोन मिळवून तिथी काढत. एक की दोन, ते चंद्र कधी दिसला त्यावर. विज्ञानाचा पदवीधर असूनही मी हा हिशेब बोटांवर करायला शिकलो तो एका निरक्षर म्हाताऱ्याकडून. त्याच म्हाताऱ्याची ही गोष्ट आहे. खरे तर माझीच आहे.

राजपुरीची खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे उत्तरेच्या काठावर राजपुरी, दक्षिणेच्या काठावर दिघी आणि तोंडाशी पाण्यात उभा जंजिरा किल्ला. राजपुरीहून किल्ला पाहायला येणाऱ्यांना शिडाच्या होड्यांतून नेतात. चाचांची होडी त्यातलीच, पण सगळ्यात जुनी. मी चांद्याचा आहे म्हटल्यावर त्यांनी 'सागाच्या मुलखातले तुम्ही' असे म्हणून होडीच्या एका फळीवर थाप मारली होती. ती फळी चांगली होती. बाकीच्यांबद्दल ते बोलत नसत. दर वर्षी पावसाळ्यात होडी वर ओढायची, फटींत कापूस ठासायचा, तेल-राळ लावायची आणि आणखी एक हंगाम काढायचा, असे चालले होते.

थंडीच्या दिवसांत एकदा मी कामासाठी मुरूडला गेलो होतो. परत राजपुरीला पोचेपर्यंत दिघीला जाणारी लाँच निघून गेलेली. दुसऱ्या दिवशी शाळेची तपासणी होती आणि माझी टाचणवही तीन आठवडे कोरी होती. शिक्षक वाचकांना यातली धास्ती वेगळी सांगायला नको. रात्रभर बसून वही भरायची तर वेळेवर पोचणे भाग होते. किनाऱ्यावर चाचा आणि त्यांचा बारा-तेरा वर्षांचा नातू होडी धूत होते. मी म्हणालो, मला दिघीला सोडा.

चाचांनी हिशेब सांगितला. चांदाची सोळावी, म्हणजे तिथी द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. दीड वाजता भरती पूर्ण झाली, आता सहा तास पाणी बाहेर ओढणार. पौर्णिमा नुकतीच झालेली, त्यामुळे ओढही जोराची. साडेसातनंतर पाणी वळेल, चंद्र वर येईल, मग आरामात नेतो. आता वारा मागून आणि पाणी पुढून. लाटा उभ्या राहतात. नव्या होडीला चालते, हिला नाही.

इतके सरळ उत्तर होते. मी घड्याळ पाहिले, चार वाजत होते. चाचांची असर होऊन गेली होती, माझी व्हायची होती. मी दुप्पट पैसे देऊ केले. ते काही बोलले नाहीत. मग मी म्हणालो, "चाचा, अल्लाहवर भरोसा ठेवा. काही होत नाही."

ते म्हणाले, "भरोसा आहे मास्तर. होडीवर नाही."

तरी ते निघाले. का निघाले हे मी स्वतःला पुष्कळदा विचारले आहे. पैसे हे एक कारण. त्या आठवड्यात पर्यटक कमी होते. पण दुसरेही असावे. शाळेतल्या मास्तराने अल्लाहचे नाव काढल्यावर नाही म्हणायचे कसे? नाही म्हटले तर इमान कच्चे ठरते. मी त्यांना अशा जागी उभे केले होते की होडीची काळजी करणे म्हणजे भरोसा नसणे, असा अर्थ व्हावा.

पाण्यावर गेल्यावर चाचा म्हणाले होते तेच झाले. शिडात वारा भरलेला, होडी जोरात चालली आहे असे वाटत होते. पण राजपुरीच्या चढावरचे एक पांढरे घर मी खूण म्हणून धरले होते, ते अर्धा तास झाला तरी जागचे हलले नव्हते. वारा पुढे ढकलत होता, पाणी मागे ओढत होते आणि दोघांच्या भांडणात आखूड, उंच लाटा उठत होत्या. होडी प्रत्येक लाटेवर चढून धपकन खाली आपटे. थोड्या वेळाने पुढच्या टोकाजवळची एक फट उघडली. पोरगा कापलेल्या तेलाच्या डब्याने पाणी उपसू लागला. मी डबा मागितला तर चाचांनी मला मधोमध गप्प बसायला सांगितले. मी हललो की होडी कलत होती. त्यामुळे मी गप्प बसलो. एका हातात चपला, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत टाचणवही. पोरगा उपसत होता, म्हातारा सुकाणू धरून होता आणि भरोसा ठेवायला सांगणारा मी कोरडा राहायची धडपड करीत होतो.

दिघीला पोचलो तेव्हा मगरिब होऊन गेली होती. साडेसातपर्यंत थांबलो असतो तर फार तर दीड-दोन तास उशीर झाला असता. तपासणीचे साहेब दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत.

दोन-तीन आठवड्यांनी राजपुरीला गेलो तेव्हा होडी वाळूवर ओढलेली दिसली. पुढच्या बाजूची फळी काढलेली होती. ऐन हंगामात ती उभी राहिली होती आणि नातू दुसऱ्याच्या लाँचवर दोर ओढायला जात होता. तो दिवस शाळेचा होता. चाचांनी मला चहा पाजला, एका शब्दाने बोल लावला नाही. 'अल्लाहची मर्जी' एवढे म्हणाले. ते म्हणण्याचा अधिकार त्यांना होता. मलाही मान हलवावीशी वाटली, पण ती हलेना.

तवक्कुलवर मी तोवर किती तरी वेळा बोललो होतो. परिपाठात, सीरतच्या जलशात, मुलांच्या वक्तृत्व स्पर्धेत. उंट मोकळा सोडून भरोसा ठेवू की बांधून, असे एकाने पैगंबर मुहंमद (स.) यांना विचारले तेव्हा त्यांनी आधी बांधायला सांगितले, ही हदीस आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे. आपण ती नेहमी प्रयत्न आणि भरोसा यांची सांगड म्हणून सांगतो. राजपुरीहून परतताना मला तिच्यातली एक साधी गोष्ट पहिल्यांदा दिसली. विचारणाऱ्याचा उंट त्याचा स्वतःचा होता. पळाला असता तर नुकसान त्याचेच होते. शेजाऱ्याचा उंट सोडून देऊन भरोसा ठेवू का, असे त्याने विचारले नव्हते. मी नेमके ते केले होते. होडी चाचांची, हात पोराचे आणि तवक्कुल माझा.

मन स्वतःला वाचवण्यासाठी कुठवर जाते तेही या निमित्ताने कळले. मला सूरे कहफ आठवली. हजरत मूसा अलैहिस्सलाम हजरत खिज्र यांच्याबरोबर एका होडीत बसतात आणि खिज्र त्या होडीला खराब करून ठेवतात. पुढे उलगडा होतो की एक राजा धडधाकट होड्या जबरदस्तीने हिसकावून घेत होता. खोड असलेली म्हणूनच गरिबांची ती होडी वाचली. मी स्वतःला म्हणालो, कुणी सांगावे, चाचांची होडी फुटली यातही काही हिकमत असेल. हे म्हणताना बरे वाटले आणि लगेच शरम वाटली. कारण मी खिज्र नव्हतो. मला पुढचे काही दिसत नव्हते, मला टाचणवही पूर्ण करायची होती. ज्याने नुकसान केले त्यानेच त्यात अल्लाहची हिकमत शोधावी, यासारखी सोयीची दीनदारी नाही.

ती गोष्ट मग मी वेगळ्या नजरेने वाचली. कुराणाने त्या होडीवाल्यांना मिसकीन म्हटले आहे. होडीचे मालक, तरी मिसकीन. फकीर आणि मिसकीन यांत अधिक गरीब कोण, या वादात इमाम शाफई यांनी याच आयतीचा आधार घेतला: मिसकीनाजवळ काहीतरी असते, पण पुरत नाही. आम्हा हनफींचे मत उलटे आहे. त्या वादात मला जायचे नाही. पण राजपुरीच्या वाळूवर उभे राहिले की इमामसाहेबांचे म्हणणे डोळ्यांना पटते. चाचांजवळ होडी होती, म्हणजे आता नव्हती.

आणि मूसा अलैहिस्सलाम. काही विचारणार नाही, सब्र करीन, असा शब्द देऊन ते निघाले होते. होडी खराब होताना पाहिली आणि पहिल्याच प्रसंगी त्यांचा शब्द मोडला. आत बसलेली माणसे बुडतील, हा त्यांचा आक्षेप होता. आपले वाइज या ठिकाणी माणसाच्या अधीरपणावर बोलतात. बरोबरच आहे, गोष्ट त्यासाठीच आहे. पण एवढा मोठा पैगंबर आपला दिलेला शब्द मोडतो तो कशासाठी? होडीतल्या परक्या माणसांसाठी. त्या क्षणी त्यांना गप्प राहणे जमले नाही, याबद्दल मला तरी त्यांचा आदर अधिकच वाटतो.

इथवर आल्यावर वाटले, आपल्याला धडा मिळाला. चार वर्षांनी मी चंद्रपूरला एका शाळेत आलो, तेव्हा तो धडा बरोबर आणला आणि नववीच्या वर्गात सांगूही लागलो. मूल्यशिक्षणाच्या तासाला सब्र हा विषय निघाला की मी चाचांची गोष्ट सांगे, अर्थात माझी बाजू जरा सौम्य करून. शहाणा नाखवा ओहोटीशी झगडत नाही, पाणी वळेपर्यंत थांबतो; सब्र म्हणजे हे, असा समारोप करी. मुलांना समुद्राची गोष्ट आवडायची.

एका वर्षी मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, आपल्या इरईला भरती येते का?"

वर्ग हसला. मीही हसलो. येत नाही म्हणालो; नदी एकाच दिशेने वाहते.

"मग नदीवाल्याने किती वेळ थांबायचे?"

घंटा झाली म्हणून मी सुटलो. प्रश्न मात्र राहिला. ओहोटी सहा तासांची असते, ती वळणार हे चाचांना ठाऊक होते, किती वाजता वळणार हेही ठाऊक होते. म्हणून त्यांचे थांबणे हे शहाणपण होते. नदीच्या काठी पाणी उलटे फिरण्याची वाट पाहणारा मात्र नुसता बसलेला असतो. आपण आपल्या माणसांना, विशेषतः आपल्या मुलींना, जे थांबायला सांगतो ते समुद्राच्या काठी की नदीच्या, हे आपण कधी पाहतो का?

हीच मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली. तिला पुढे शिकायचे होते. घरी स्थळ आले होते. ती मला भेटायला आली ती मी तिच्या अब्बांशी बोलावे म्हणून. मी तिला काय सांगितले ते लिहायला जड जाते. सब्र कर म्हणालो. एक वर्ष जाऊ दे, घरचे निवळतील, मग मी बोलतो. तिच्या अब्बांशी वाद घालून मोहल्ल्यात नाव खराब करून घ्यायची माझी तयारी नव्हती, हे खरे कारण. त्याच वर्षी तिचे लग्न झाले.

राजपुरीला मी घाई केली, चंद्रपूरला धीर धरला. वरवर पाहता दुसऱ्या वेळी मी सुधारलो होतो. पण दोन्ही वेळा खर्च दुसऱ्याचा झाला. अरबीत सब्रचा मूळ अर्थ रोखून धरणे असा सांगतात, आणि रोखायचे असते ते स्वतःच्या नफ्सला. दुसऱ्याला रोखून धरण्याला त्या भाषेत आणखी शब्द असतील, आपल्या भाषेत तर पुष्कळ आहेत.

यावरून मला १८ एप्रिल १९६६ चा तो मोर्चा आठवतो. हमीद दलवाई यांनी मुंबईत काढलेल्या त्या मोर्चात सात मुस्लिम स्त्रिया होत्या. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद व्हावे ही मागणी. दलवाईंच्या सगळ्याच मतांशी मी सहमत नाही. या अंकाच्या वाचकांतही त्यांच्याबद्दल एकमत नसेल. पण आपल्या सभांमधून 'प्रवाहाविरुद्ध जाणारे' असा जो शब्द आपण हार घालावा तसा कुणाच्याही गळ्यात घालतो, तो त्या सात जणींना शोभतो, कारण चालणारे पाय त्यांचे स्वतःचे होते आणि घरी परतल्यावर जे ऐकून घ्यायचे तेही त्यांनाच. त्यांना तेव्हा समाजाने काय सांगितले असेल? थांबा, अजून वेळ आलेली नाही, हेच. एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवला तो २२ ऑगस्ट २०१७ रोजी. एक्कावन्न वर्षे. एवढी लांब ओहोटी कोणत्याही समुद्राला नसते. नंतर झालेल्या कायद्याबद्दल माझ्या मनात शंका आहेत, पण तो वेगळा विषय.

कुणी म्हणेल, मग प्रत्येकाने आपापले ठरवावे, एवढेच ना? तेवढे सोपे असते तर बरे होते. ठरवायला आधी दुसरी वाट असावी लागते. जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ वैनगंगेत एक डोंगा उलटला. आमच्याकडे होडीला डोंगाच म्हणतात. मिरची तोडायला पलीकडच्या काठाला निघालेल्या बाया त्यात होत्या. सहा जणींचा जीव गेला. त्यांना कुणी 'भरोसा ठेवा' म्हटले नव्हते. मजुरी पलीकडे होती आणि जायला डोंगा होता. अशा माणसांपुढे सब्र आणि तवक्कुल यांची व्याख्याने देणारा मी कोण, असे ती बातमी वाचताना वाटले. चाचांनीही माझे दुप्पट पैसे घेतले तेव्हा ते त्या बायांच्याच रांगेत उभे होते. मी त्याला त्यांची संमती समजलो.

आता सुट्टीत मोहर्लीला गेलो की संध्याकाळी इरईच्या पाण्याकाठी, गावाजवळच, बसतो. अंधार पडायच्या आत उठावे लागते. जंगल लागून आहे आणि जनावर पाण्यावर येते. ते पाणी ना वळते ना वाहते. अडवून धरलेले आहे, आणि त्यावर चंद्रपूरचे वीजकेंद्र चालते.

मागच्या महिन्यात तिथेच बसलो असताना त्या मुलीचा फोन आला. तिच्या कडेला लहान मूल असावे, त्याचा आवाज मध्ये मध्ये येत होता. तिला बारावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरायचा होता. सासरी अजून सांगितलेले नव्हते, नवरा तयार होता. शाळेचा दाखला हवा होता, तो मिळेल का, आणि सासऱ्यांशी कुणी बोलले तर बरे होईल, असे म्हणत होती. बोलता बोलता तीच म्हणाली, घाई नाही सर, यंदा नाही तर पुढच्या वर्षी.

मी फॉर्मची शेवटची तारीख विचारली आणि तिच्या सासऱ्यांचा नंबर लिहून घेतला.